वाचकांचे प्रश्न : परदेशात विनामूल्य मिळते ते कोणासाठी असते?

या महिन्याच्या पत्रांत एक विषय वारंवार आला. नव्या देशात राहायला गेल्यावर ज्या सोयी आणि जे आनंद पैसे न मोजता मिळतात, ते घ्यावेत की नाही आणि घ्यायचे तर कोणत्या रीतीने, असे अनेकांनी विचारले आहे. त्यांपैकी पाच पत्रे येथे संक्षिप्त करून घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न (इंग्लंड) : पतीच्या नोकरीमुळे आम्ही गेल्या वर्षी इथे आलो. मुलगी तीन वर्षांची आहे. घरभाडे दिल्यावर हातात फारसे उरत नाही, त्यामुळे सुटीच्या दिवशी बाहेर पडायचे म्हटले की आधी हिशेब सुरू होतो. शेजारच्या बाई म्हणतात की वाचनालय, संग्रहालय, बालवाडी, सगळे मोफत आहे, नि:शंकपणे जा. परंतु आमच्या व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा लाभ घेता येणार नाही’ अशी अट आहे. मुदतवाढीच्या वेळी हे अंगाशी येईल का? शिवाय ज्या देशाचे आपण नागरिक नाही, त्याचे फुकट घेणे मनालाही पटत नाही.

उत्तर : आधी भीतीबद्दल लिहितो, कारण ती दूर झाल्याशिवाय पुढचे वाचण्यात आपले मन लागणार नाही. ब्रिटनच्या स्थलांतर नियमांत सार्वजनिक निधी म्हणजे काय हे मोघम ठेवलेले नसून त्यात मोडणाऱ्या लाभांची यादीच दिलेली आहे. युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, घरभाड्यासाठीचे साहाय्य, स्थानिक प्रशासनाकडून मिळणारे घर अशा गोष्टी त्या यादीत आहेत. वाचनालय, उद्यान, संग्रहालय, सरकारी शाळा आणि राष्ट्रीय आरोग्य सेवा त्या यादीत नाहीत, म्हणून त्यांचा वापर केल्याने व्हिसाच्या अटीचा भंग होत नाही.

मुलीच्या बाबतीत मात्र एक बारकावा जपावा लागेल. इंग्लंडमध्ये तीन व चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला वर्षातील ३८ आठवडे, आठवड्याला १५ तास विनामूल्य बालसंगोपन मिळते, आणि त्यासाठी पालकांच्या व्हिसाचा प्रकार पाहिला जात नाही. मूल तीन वर्षांचे झाल्यानंतरच्या सत्रापासून ही सोय सुरू होते. नोकरी करणाऱ्या पालकांसाठीची ३० तासांची योजना वेगळी आहे. तिच्यासाठी आई-वडिलांपैकी किमान एकावर तरी सार्वजनिक निधीची बंदी नसावी लागते. आपल्या दोघांच्याही व्हिसावर ती अट असेल, तर १५ तास निश्चिंतपणे घ्यावेत आणि ३० तासांचा अर्ज करू नये. पुढे मुलगी सरकारी शाळेत गेली की पहिल्या तीन इयत्तांत, म्हणजे रिसेप्शन ते इयत्ता दुसरी, तिला दुपारचे जेवणही शाळेतच मिळेल. सप्टेंबर २०१४पासून तेथील सरकारी शाळांत या वयाच्या सर्वच मुलांना ते दिले जाते.

आता मनाला न पटण्याबद्दल. आपण ज्याला फुकट म्हणता, त्याचे पैसे आपल्या कुटुंबाने बहुधा आधीच भरलेले आहेत. आरोग्य व काळजी सेवेचा व्हिसा असलेल्यांना वगळले तर कामासाठी येणाऱ्या प्रौढ व्यक्तीकडून व्हिसाच्या अर्जासोबतच आरोग्य अधिभार घेतला जातो, आणि फेब्रुवारी २०२४पासून तो दरवर्षी १,०३५ पौंड आहे. घरावर कौन्सिल टॅक्स आहे, पगारातून प्राप्तिकर कापला जातो, आणि दुकानातील बहुतेक वस्तूंच्या किमतीत मूल्यवर्धित कर धरलेला असतो. वाचनालयाच्या दारात कोणी पैसे मागत नाही याचे कारण तेथील खर्च सर्वांच्या वर्गणीतून आधीच भागवलेला असतो, आणि त्या वर्गणीदारांत आपणही आहात.

वाचनालयाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते नव्या देशात पोहोचल्यावर बँकेच्या खात्याइतक्याच घाईने वाचनालयाचे कार्ड काढले पाहिजे. १९६४च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील स्थानिक प्रशासनांवर सार्वजनिक ग्रंथालये चालवण्याचे बंधन घातलेले आहे, आणि त्या परिसरात राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या व्यक्तीला छापील पुस्तके विनाशुल्क घरी नेता येतात. बहुतेक ठिकाणी नाव-पत्त्याच्या पुराव्यावर काम होते आणि सभासद-नोंदणीचा आरंभ घरबसल्याही करता येतो. परंतु पुस्तके हा त्या कार्डाचा केवळ दर्शनी भाग आहे. त्याच कार्डावर मोबाइलमध्ये ई-पुस्तके आणि बोलकी पुस्तके उघडतात, बऱ्याच ठिकाणी देशोदेशींची वृत्तपत्रे व मासिके वाचता येतात, आणि वाहन परवान्याच्या लेखी परीक्षेचा सराव करण्याची सोयही अनेक ग्रंथालये देतात. संगणक आणि वाय-फाय तेथे असतात. लहान मुलांसाठी आठवड्यातून एखाद्या सकाळी गाणी-गोष्टींचा तास असतो आणि त्याला आई किंवा वडील सोबत बसतात. आपल्याला गावात पहिली ओळख होईल ती कदाचित तेथेच होईल, कारण तीन वर्षांच्या मुलांच्या आया एकमेकींशी बोलण्यासाठी औपचारिक परिचयाची वाट पाहत नाहीत. हिवाळ्यात ऊब असलेली, काही विकत घ्यावे न लागता तासभर बसता येईल अशी बंदिस्त जागा शहरात आणखी कुठे आहे, याचा विचार केला म्हणजे या संस्थेची खरी किंमत कळते. पुस्तक राखून ठेवण्यासाठी किंवा उशिरा परत केल्याबद्दल काही ठिकाणी शुल्क आकारले जाते, तेवढे कार्ड घेतानाच विचारून ठेवावे.

संग्रहालयांबाबतही अशीच एक जुनी परंपरा आहे. ब्रिटिश म्युझियम १७५९मध्ये लोकांसाठी उघडले तेव्हापासून, १९७४मधला एक अल्प काळ सोडला, तर तेथे प्रवेशशुल्क घेतलेले नाही. इतर अनेक राष्ट्रीय संग्रहालयांत मध्यंतरी तिकीट होते आणि डिसेंबर २००१पासून त्यांचे कायमस्वरूपी संग्रह पुन्हा विनाशुल्क झाले. विशेष प्रदर्शनांना तिकीट असते. दारातील पेटीवर ठरावीक रकमेची सूचना लिहिलेली दिसते, पण ती देणगी असून सक्ती नाही. तिकीट नसण्याचा लाभ केवळ पैशाचा नसतो. तिकीट काढून गेलेला माणूस पैसे वसूल करण्यासाठी सगळी दालने पालथी घालतो आणि दमून बाहेर पडतो. तिकीट नसेल तर वीस मिनिटांसाठी आत जाऊन एकच चित्र किंवा डायनोसोरचा एकच सांगाडा पाहून परतता येते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जाता येते. तीन वर्षांच्या मुलीबरोबर संग्रहालय पाहण्याची दुसरी रीत मला तरी ठाऊक नाही.

जाता जाता आरोग्याचे एक काम उरकून घ्या. इंग्लंडमध्ये जवळच्या जीपीकडे, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य सेवेतील परिसरातल्या डॉक्टरांकडे, नाव नोंदवण्यास पैसे लागत नाहीत, आणि नोंदणीसाठी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसाची स्थिती दाखवणे बंधनकारक नाही. स्वागतकक्षातील कर्मचारी कधी कधी कागद मागतात. तसे झाल्यास हा नियम शांतपणे सांगावा. जानेवारी २०२४च्या अखेरपासून घसा दुखणे, सायनसचा त्रास, किड्याचा दंश संसर्गाने चिघळणे यांसह सात साध्या तक्रारींसाठी तेथील औषधविक्रेताच सल्ला व गरज भासल्यास औषध देऊ शकतो, त्यासाठी जीपीची वेळ घ्यावी लागत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांवर इंग्लंडमध्ये मोठ्यांना शुल्क पडते. मुलांना ते पडत नाही, आणि वेल्स, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथे तर कोणालाच पडत नाही.

प्रश्न (अमेरिका) : माझे आई-वडील सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत. आम्ही दोघेही नोकरीला, आणि गाडीशिवाय कुठे जाता येत नाही, त्यामुळे ते दिवसभर घरात बसून असतात. वडिलांना वाचनाची आवड आहे, पण आपण पाहुणे आहोत, कुठल्याही सरकारी ठिकाणी नाव नोंदवायचे नाही, असा त्यांचा आग्रह आहे. त्यांच्यासाठी काय करता येईल?

उत्तर : वडिलांना सांगावे की अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसण्यासाठी नाव नोंदवण्याची मुळी गरजच नाही. दार ढकलून आत जावे, वृत्तपत्र उचलावे, खुर्चीत बसावे, कोणी ओळखपत्र विचारत नाही. कार्ड लागते ते पुस्तक घरी नेण्यासाठी, आणि ते आपल्या नावावर काढलेले चालते. पाहुण्यांना स्वतंत्र कार्ड देण्याचे नियम गावोगावी वेगळे आहेत. व्हिसा किंवा ग्रीन कार्डच्या अर्जात अर्जदार सरकारवर भार होईल का हे तपासले जाते, आणि त्या कसोटीच्या तपशिलांवरून तेथे बरेच राजकारण झाले आहे, परंतु ग्रंथालयात पुस्तक वाचणे किंवा बागेत फिरणे हा तिचा विषय कधीच नव्हता.

अनेक ग्रंथालयांत आठवड्यातून एकदा इंग्रजी संभाषणाचा गट भरतो. एखादा स्वयंसेवक असतो आणि वेगवेगळ्या देशांतून आलेली माणसे गोलाकार बसून मोडक्यातोडक्या इंग्रजीत हवामानापासून नातवंडांपर्यंत सगळ्यावर बोलतात. आईंना इंग्रजीचा संकोच वाटत असेल तर त्यांच्यासाठी हीच जागा योग्य आहे, कारण तेथे सर्वांनाच तो संकोच असतो. आपल्या कार्डावर ग्रंथालयातून संग्रहालयांचे कौटुंबिक पासही बऱ्याच शहरांत उसने मिळतात. ते लोकप्रिय असल्यामुळे आधी राखून ठेवावे लागतात.

सुटीत वॉशिंग्टनला जाणे जमले तर स्मिथसोनियनची संग्रहालये अवश्य दाखवा. जेम्स स्मिथसन या इंग्रज वैज्ञानिकाने ज्ञानाच्या वृद्धी व प्रसारासाठी आपली संपत्ती अमेरिकेला दिली आणि त्यातून १८४६मध्ये ही संस्था उभी राहिली. स्वतः स्मिथसनने अमेरिकेत कधी पाऊलही ठेवले नव्हते. मृत्यूनंतर त्याच्या अस्थी मात्र तिकडे नेण्यात आल्या. राजधानीतील त्यांची संग्रहालये आणि प्राणिसंग्रहालय यांना प्रवेशशुल्क नाही, प्राणिसंग्रहालयासाठी मात्र विनामूल्य प्रवेशपत्र आधी घ्यावे लागते. न्यूयॉर्कला गेलात तर स्टॅटन आयलंडची फेरी बोट आहे. १९९७पासून तिला भाडे नाही, सुमारे २५ मिनिटांच्या प्रवासात स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा समोरून दिसतो, आणि बोटीत चढण्यासाठी पायऱ्या-जिन्यांची कसरत करावी लागत नाही, हे वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे. बंदरावर तिकिटे विकू पाहणारे भेटतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

तरीही अशी एखादी सहल सोडली तर सहा महिन्यांचे दिवस भरून काढण्याचे काम घराजवळची जागाच करू शकते. म्हणून पहिल्या दोन-तीन शनिवारी आपण स्वतः त्यांना ग्रंथालयापर्यंत चालत किंवा बसने घेऊन जा, रस्ता त्यांच्या पायांखालचा होऊ द्या, आणि मग त्यांना एकटे जाऊ द्या. आपण गाडीतून सोडत-आणत राहिलात तर ते आपल्या सवडीवर अवलंबून राहतील.

एक गोष्ट मात्र तेथे विनामूल्य नाही, आणि ती लक्षात न ठेवल्यास फार महागात पडते. १९८६च्या कायद्यानुसार आणीबाणीत आलेल्या रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करणे बहुतेक रुग्णालयांच्या आपत्कालीन कक्षांना बंधनकारक आहे. परंतु उपचार नाकारता येत नाहीत याचा अर्थ बिल येत नाही असा नव्हे. रुग्णवाहिकेचेही बिल येते. प्रवासी विमा घेतला नसेल तर हा अंक बाजूला ठेवून आधी ते काम करा.

प्रश्न (कॅनडात शिकणाऱ्या मुलाची आई) : मुलगा सांगतो की त्याचे काही मित्र फूड बँकेतून दर आठवड्याला किराणा आणतात आणि पैसे वाचवतात. त्यानेही जावे का, असे तो विचारतो. मला काय सांगावे ते सुचत नाही.

उत्तर : पहिल्या उत्तरात मी ज्या सोयी निर्धास्तपणे घ्या म्हटले आहे, त्यांत आणि फूड बँकेत मूलभूत फरक आहे. वाचनालयातील पुस्तक आपल्या मुलाने वाचल्याने दुसऱ्याचे कायमचे काही जात नाही, उलट वाचक वाढले तर वाचनालय टिकते. फूड बँक लोकांनी दिलेल्या धान्यावर आणि देणग्यांवर चालते, तिचा साठा मर्यादित असतो आणि ती उपाशी राहण्याची वेळ आलेल्यांसाठी असते. ‘पैसे वाचवतात’ हे कारण तेथे बसत नाही. शिवाय अभ्यास-परवान्यासाठी अर्ज करताना विद्यार्थ्याने आपल्या खर्चाची तरतूद असल्याचे दाखवलेले असते. जानेवारी २०२४मध्ये एकट्या विद्यार्थ्यासाठी ही रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलरवर नेण्यात आली आणि पुढे ती आणखी वाढली. अशा स्थितीत बचतीसाठी म्हणून फूड बँकेच्या रांगेत उभे राहणे मला अयोग्य वाटते, आणि कॅनडातील काही फूड बँकांनी परदेशी विद्यार्थ्यांना नकार देण्यापर्यंत पाळी आली ती याच वापरामुळे.

मात्र याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, काहीही झाले तरी तिकडे फिरकू नकोस, असेही मुलाला सांगू नये. नोकरी गेली, घरून पैसे येण्यास अडथळा आला, आजारपण आले, तर आपल्या विद्यापीठातील विद्यार्थी संघटनेच्या धान्यसाहाय्याची चौकशी करण्यात कमीपणा नाही. पुष्कळ विद्यापीठांत अशी सोय त्यांच्याच विद्यार्थ्यांसाठी असते. लाजेपायी अर्धपोटी राहणारा मुलगा आईला ते फोनवर सांगत नाही, म्हणून हे आपणच आधी बोलून ठेवलेले बरे. आणि बचतच करायची असेल तर त्याच्या शिक्षणशुल्कात व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, समुपदेशन आणि बऱ्याच शहरांत बसचा पास यांचे पैसे आधीच धरलेले असतात. ते त्याने वापरायला सुरुवात केली आहे का, हे विचारा. बहुतेक मुलांनी ती पावती नीट वाचलेलीच नसते.

प्रश्न (जर्मनी) : इथे लोक घराबाहेर खोके ठेवतात आणि त्यात चांगली भांडी, पुस्तके असतात. घेतली तर चालतात का? तसेच जंगलातून लोक टोपल्या भरून मशरूम आणताना दिसतात. आम्हालाही जावेसे वाटते.

उत्तर : खोक्यावर ‘त्सू फेअरशेंकन’ असे लिहिलेले असेल तर ते भेट देण्यासाठीच ठेवलेले असते, निर्धास्तपणे घ्यावे. चिठ्ठी नसेल आणि मोठे फर्निचर ढीग करून ठेवलेले असेल तर ते बहुधा पालिकेच्या गाडीसाठी काढलेले असते. ते उचलण्याबाबतचे नियम सगळीकडे सारखे नाहीत, म्हणून मालकाला विचारणे श्रेयस्कर. गाद्या आणि कापडी सोफे मात्र कितीही चांगले दिसले तरी घरात आणू नयेत, ढेकूण बाहेर काढण्याचा खर्च नव्या सोफ्याहून जास्त होतो. चौकाचौकांत दिसणाऱ्या पुस्तकांच्या कपाटांतून पुस्तक घेता येते, आपले ठेवता येते, नोंद करावी लागत नाही. उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून २०१२मध्ये तेथे सुरू झालेल्या फूडशेअरिंग चळवळीची कपाटे व फ्रीजही सर्वांना खुले असतात. त्यांचा हेतू नासाडी टाळण्याचा असल्यामुळे तेथे गरज सिद्ध करावी लागत नाही, आणि वरच्या पत्रातील फूड बँकेहून ती वेगळी ठरतात ती याच कारणाने.

जंगलाबद्दल आपण विचारलेत याचा मला आनंद झाला. जर्मनीत मनोरंजनासाठी जंगलात फिरण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे, जंगल खासगी मालकीचे असले तरी. घरापुरती फळे, फुले, मशरूम थोड्या प्रमाणात गोळा करता येतात. संरक्षित क्षेत्रांत मात्र मनाई असते, आणि काही जातींवर बंधने असतात. उत्तरेकडे हा हक्क आणखी व्यापक होतो. नॉर्वेच्या १९५७च्या कायद्यानुसार वस्तीच्या घरापासून किमान १५० मीटर अंतर राखून मोकळ्या रानात तंबूही ठोकता येतो, तर स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्याने बहुतेक भूभागावर जबाबदारीने वावरण्याची मुभा दिली आहे. जर्मनीत तंबूची अशी मुभा नाही, हे ध्यानात असू द्यावे.

मशरूमच्या बाबतीत मात्र मी आपल्याला अडवणार आहे. आपल्या ओळखीच्या जातीसारखे दिसणारे मशरूम तेथे प्राणघातक असू शकते. २०१५च्या शरद ऋतूत जर्मनीत नव्याने आलेल्या अनेक निर्वासितांना डेथ कॅप या मशरूममुळे गंभीर विषबाधा झाली आणि रुग्णालयांना वेगवेगळ्या भाषांत इशारे काढावे लागले. हे मशरूम शिजवल्याने निर्विष होत नाही, आणि त्रास कित्येक तासांनी सुरू होतो, तोपर्यंत यकृताला इजा होऊ लागलेली असते. सुदैवाने याच देशात मशरूम ओळखून देणारे प्रशिक्षित सल्लागार आहेत, आणि अनेक ठिकाणी ते मोबदला न घेता टोपली तपासून देतात. पहिल्या वर्षी त्यांच्यासोबतच्या सहलीला जावे, आणि गोळा केलेले त्यांना दाखवल्याशिवाय चुलीवर चढवू नये. मोबाइलमधील ॲपने ओळख पटवणे पुरेसे नाही. तोवर ब्लॅकबेरी आहेतच.

प्रश्न (ऑस्ट्रेलिया) : पत्नी जोडीदाराच्या व्हिसावर आली आहे. एका परिचिताने सरकारी इंग्रजी वर्गात प्रवेश मिळवून देण्यासाठी पैसे मागितले. हे वर्ग मोफत असतात ना?

उत्तर : होय. प्रौढ स्थलांतरितांसाठीचा हा इंग्रजी कार्यक्रम तेथे १९४८पासून चालू आहे. कायमस्वरूपी व्हिसाधारकांना आणि काही तात्पुरत्या व्हिसांवर असलेल्यांना तो विनामूल्य आहे. पूर्वी त्याला ५१० तासांची मर्यादा होती, ती २०२१मध्ये काढण्यात आली. शाळेत न जाणारे लहान मूल असेल तर वर्गाच्या वेळेत त्याच्या सांभाळाची सोयही त्यातच येते. मात्र जोडीदाराचे सगळेच व्हिसा त्यात बसतात असे गृहीत धरू नये, पत्नीच्या व्हिसाचा क्रमांक घेऊन वर्ग चालवणाऱ्या संस्थेत थेट जावे. पात्रता तेथेच तपासली जाते, नोंदणीही तेथेच होते आणि तिला शुल्क नाही. आल्यावर ठरावीक मुदतीत नोंदणी करणे अपेक्षित असल्यामुळे हे लांबणीवर टाकू नये. पत्नीला इंग्रजीतून बोलणे अवघड वाटत असेल तर १३१ ४५० या क्रमांकावर सरकारची दुभाषा सेवा चोवीस तास चालू असते.

परिचिताला पैसे देऊ नका. व्हिसाविषयी सल्ला देऊन मोबदला घेण्यासाठी तेथे, वकील सोडले तर, कायद्याने नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत सल्लागारांची यादी सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. पत्नीच्या पारपत्राची किंवा व्हिसाच्या पत्राची प्रत त्या परिचिताच्या हाती दिली असेल, तर ती परत मागून घ्या.